सतरा नंबरची चावी

ते वाचलं कोणी, तर मी वाचलं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बऱ्याच जणांची सालटी काढणार आहे, मग कुणी म्हणायला नको की बाई स्वतःचं तेवढं झाकून ठेवते.

परळला एका जुन्या व्यायामशाळेच्या वर आमचं रेडिओ केंद्र आहे. केंद्र म्हणजे एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या आहेत, प्रत्येकाने आपापल्या घरातून एकेक आणलेली. दारामागची माझ्या आईच्या लुगड्यांची आहे. वाचायला बसलं की पंखा बंद करायचा, घाम पुसत वाचायचं. खाली कुणी वजनं आदळली की माईक हलतो, मग खिडकीतून ओरडायचं, "अरे, पाच मिनिटं दम धरा रे, रेडिओ चालू आहे!" ते ओरडणंही बऱ्याचदा हवेत जातं. पगार कुणालाच नाही. सगळे आपली नोकरी, आपला संसार सांभाळून येणारे. लालबाग, परळ, करी रोड, फार तर दादर, एवढ्यात आम्ही ऐकू येतो, त्यापलीकडे नुसती खरखर.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तिथे पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलं होतं, लाइन जोडायची, ऐकायचं नाही. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाचा बाप गेलाय, तुला काय करायचंय? मी फार चांगली ऑपरेटर होते. कानावर पडलेलं डोक्यात शिरू द्यायचं नाही, ही सवय मला इतकी लागली की घरच्यांनी त्यावरून टोमणे मारले. पण आवाज चांगला राहिला, स्पष्ट, न अडखळणारा. निवृत्त झाल्यावर रेडिओत आले ती त्या आवाजाच्या जोरावर, आणि त्याचा मला माज होता. होता म्हणजे होताच.

आमचे केंद्रप्रमुख दादरचे. आम्ही त्यांना सर म्हणतो. आजोबांपासूनचं स्वतःचं घर, कॉलेजात शिकवून निवृत्त, बोलणं असं की प्रत्येक वाक्याला इस्त्री. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं, "आपल्याला बातम्या देता येत नाहीत. परवान्याची अट आहे. आपण माहिती देऊ शकतो." मी विचारलं, फरक काय? तर त्यांनी शांतपणे समजावलं. पाणी किती वाजता येणार, ही माहिती. पाणी का आलं नाही, ही बातमी. मला तेव्हा हसू आलं होतं.

तर माहिती कुठून आणायची? चाळींच्या फळ्यावरून. आमच्याकडे प्रत्येक चाळीच्या जिन्याखाली एक काळा फळा असतो. कोण वारलं, अंत्ययात्रा किती वाजता, टाकी कधी धुणार, भजन कुणाच्या घरी, कोण गावी गेलंय, सगळं त्यावर खडूने लिहिलेलं. हल्ली मोबाइलवर ग्रुप आहेत, पण म्हातारी माणसं अजून जाता-येता फळा वाचतात. गिरणीतून निवृत्त झालेले एक काका आमच्यात आहेत, ते सकाळी साडेसहाला लांबडी वही घेऊन निघतात आणि वीस-पंचवीस चाळींचे फळे उतरवून आणतात. आम्ही त्यांना वहीवाले काका म्हणतो. साडेसात वाजता मी ती वही वाचते. कार्यक्रमाचं नावच "फळा".

आणि त्याचा नियम मी केला. एकदा कुणीतरी निधनाच्या ओळीत पदरचं "दीर्घ आजाराने" घातलं होतं. तो माणूस चालता-बोलता गेलेला. घरच्यांनी केंद्रावर येऊन आमची अक्षरशः बिनपाण्याने केली. त्या दिवशी मी भिंतीवर कागद चिकटवला: जे फळ्यावर, तेच हवेत. विचारायचं नाही, वाढवायचं नाही, गाळायचं नाही. सरांना तो नियम फार आवडला. म्हणाले, "ताई, यालाच तटस्थता म्हणतात." मी चार दिवस हवेत होते.

आता काकी. माझ्या बिल्डिंगसमोर गल्ली ओलांडली की एक चाळ आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावर सतरा नंबरच्या खोलीत काकी राहते. माझी सख्खी काकी नव्हे, पण लहानपणापासून तिच्या हातचं खाल्लंय, तेव्हा सख्खीच. नवरा गिरणीत होता. तो गेल्यावर तिने त्याच खोलीत खानावळ चालवली, पंचवीस-पंचवीस माणसं जेवायची. आता सत्तरी ओलांडली, मूल नाही, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. चाळ पाडून तिथे टॉवर होणार आहे. बाकी सगळ्यांनी सह्या केल्या, काकीने केली नाही. तिचं एवढंच म्हणणं, खोली अजून नवऱ्याच्या नावावर आहे, नवीन जागा माझ्या नावावर देणार हे आधी कागदावर द्या. चुकीचं काय आहे यात? पण चाळीत तिचं नाव पडलं अडेलतट्टू.

गेल्या वर्षी शिमग्याला ती गावी निघाली. राजापूरच्याही खाली तिचं गाव. तिकडे शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते, घर उघडून, सारवून, दिवा लावून थांबावं लागतं. दार बंद असलं तर पालखी तशीच पुढे जाते. दीर-नणंदा कुणी उरलं नाही, तेव्हा दरवर्षी काकीच जाते. निघताना माझ्याकडे आली, हातात चावी ठेवली.

"पंधरा दिवसांत येतंय गो. तुळशीक पाणी घाल. चावी कोणाक दिव नको."

"मी कशाला देऊ कुणाला?"

"सांगान ठेवलेला बरा," ती म्हणाली आणि पिशवी उचलून जिना उतरली. चावी मी स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली. रोज केंद्रावरून परत आले की समोर जायचं, कुलूप उघडायचं, तुळशीला तांब्याभर पाणी, आणि परत. पाच मिनिटांचं काम.

काकी गेली त्याच्या चौथ्या की पाचव्या दिवशी मी नेहमीसारखी वही वाचली. टाकी धुणार. संकष्टीचं भजन. एक निधन. हरवलेली छत्री. आणि त्यांच्यामध्ये ही ओळ: "खोली क्रमांक सतरा येथील रहिवासी कायमच्या गावी गेल्या आहेत. संबंधितांनी नोंद घ्यावी." चाळीचं नाव वरती लिहिलेलं होतं, तेही वाचलं. न अडखळता, स्वच्छ आवाजात वाचलं. मग पुढची ओळ वाचली. घरी आले, खिळ्यावरची चावी काढली, समोर जाऊन सतरा नंबरच्या तुळशीला पाणी घातलं.

कळतंय का मी काय म्हणतेय? ज्या बाईने ती कायमची गेली असं सांगितलं, त्याच बाईने अर्ध्या तासात तिचं कुलूप उघडलं, आणि डोक्यात काही म्हणून वाजलं नाही. वाचलं होतं, ऐकलं नव्हतं. लाइन जोडली होती.

आठवडाभराने मी तांब्या घेऊन गेले तर दारावर कागद चिकटवलेला. सरकारी शिक्क्याचा. चाळीत कोण राहतं याची पाहणी झाली होती, आणि त्यात लिहिलं होतं की सदर खोली बंद आढळली, रहिवासी कायमस्वरूपी गावी गेल्याचे स्थानिक चौकशीत समजले, सबब नाव पात्र रहिवाशांच्या यादीतून वगळण्यात येत आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत नोंदवावी. यादीतून वगळलं याचा अर्थ चाळ पडली की काकी रस्त्यावर. नवी जागा नाही, काही नाही. मी तो कागद दोनदा वाचला, या वेळी शब्द न शब्द. मग तांब्या तिथेच ठेवून खाली सेक्रेटरीच्या दारात गेले.

हा चाळीचा सेक्रेटरी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. चड्डी घसरत असताना मी त्याला पाहिलेला आहे. चहा पीत बसला होता.

"काय रे, काकी कायमची गेली असं कोणी सांगितलं तुला?"

"ताई, आत या ना. चहा घ्या."

"चहा गेला चुलीत. कोणी सांगितलं?"

तो हसला. ते हसू अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. "मला कशाला विचारता? तुम्हीच तर सांगितलंत." आणि त्याने मोबाइल काढून टेबलावर ठेवला, बटण दाबलं. माझा आवाज. मागे खाली कुणीतरी वजन टाकल्याचा धप्प आवाजसुद्धा. "खोली क्रमांक सतरा येथील रहिवासी कायमच्या गावी गेल्या आहेत. संबंधितांनी नोंद घ्यावी." त्याने स्वतः फळ्यावर लिहिलं होतं, आमचा नियम त्याला ठाऊक होता, आणि साडेसातला रेडिओसमोर मोबाइल धरून बसला होता. पाहणीवाले आले तेव्हा त्याने त्यांना ते ऐकवलं. रेडिओवर सांगितलंय म्हटल्यावर त्यांनीही लिहून घेतलं.

माझ्या तोंडून ज्या शिव्या बाहेर पडल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. त्याची बायको आतून बाहेर आली. तो मात्र शांतच होता, फक्त जरा आवाज चढवून म्हणाला, "ऐंशी खोल्या अडल्यात ताई एका म्हातारीपायी. माझी आई त्या कोपऱ्यात झोपते, वरून पोपडे पडतात तिच्या अंगावर. ते नाही का दिसत तुम्हाला?" दिसत होतं. पोपडेही दिसत होते आणि त्याची आईसुद्धा. मग लिहून दे ना काकीला तिचा कागद, सही मिळेल! पण ते नाही. सरळ मार्गाने गेलं तर पाय झिजतात ना यांचे.

आणि बाकीच्या ऐंशी घरांचं काय? सगळ्यांना ठाऊक होतं, काकी दरवर्षी शिमग्याला जाते आणि येते. ज्यांच्या घरी बाळंतपणात तिने डिंकाचे लाडू पाठवले, त्यांनीही फळा वाचला, रेडिओ ऐकला, पाहणीवाल्यांना पाहिलं. एकालाही कंठ फुटला नाही. मी गॅलरीतून परत जाताना तीन दारं हळूच लोटली गेली.

काकीला फोन केला. पालखी दोन दिवसांवर आली होती, तिने घर सारवून घेतलं होतं. मी सगळं सांगितलं. वाचलं मी, हेही सांगितलं. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. मग ती म्हणाली, "येतंय." पालखीला न थांबता, घर बंद करून, मिळेल त्या गाडीने ती निघाली.

त्याच संध्याकाळी मी सरांकडे गेले. म्हटलं, उद्या सकाळी साडेसातला, त्याच जागी, त्याच आवाजात मला दुरुस्ती वाचायची आहे.

सरांनी चष्मा पुसला. "ताई, तुमची तळमळ मी समजू शकतो. पण खंडन करणं म्हणजे बातमी होते."

"म्हणजे?"

"त्यात वाद आहे. पुनर्विकास आहे. दोन बाजू आहेत."

"काकी तिथे राहते की नाही राहत, याला दोन बाजू?"

"आपण कुणाच्या बाजूने बोललो असं दिसेल. परवाना धोक्यात येईल. आणि दुरुस्ती केली म्हणजे आपण चूक केली असं होतं."

"केलीच आहे की!"

"हो, पण आपण ते म्हणणं वेगळं."

मी उभी राहिले. माझा आवाज रागात बारीक होतो, मोठा होत नाही, तसा तो झाला. "सर, खोटं वाचलं तेव्हा ती माहिती होती. आता खरं वाचायचं म्हटलं तर ती बातमी. हे कुठलं शहाणपण?" ते म्हणाले, मी चिडलेय, थंड डोक्याने उद्या बोलू. सभ्य माणूस! कधी आवाज चढवणार नाही, कधी दार आपटणार नाही, आणि एक म्हातारी बेघर होत असली तरी वाक्याची इस्त्री मोडणार नाही. त्यांच्या घराचा जिना उतरताना मला रडू येत होतं, पण रागाने. दुःखाने रडण्याइतकी मी तेव्हा चांगली नव्हते.

मग त्या जिन्यातच डोक्यात आलं. जे फळ्यावर, तेच हवेत. नियम माझाच होता.

काकी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही दोघी तिच्या चाळीच्या जिन्याखाली उभ्या. खडू सेक्रेटरीच्या घरात डब्यात असतो, म्हणून मी शिवणाच्या डब्यातला घेऊन गेले. मी लिहिते म्हटलं तर काकीने हातातून काढून घेतला. चौथीपर्यंत शिकलेली आहे ती. भाकऱ्या थापाव्यात तशी एकेक अक्षर थापत तिने लिहिलं: "खोली नं. १७. मी जिवंत आहे. मी इथेच राहते. शिमग्याला गेले होते. परत आले." खाली सही. मग खडूचा हात पदराला पुसला.

सेक्रेटरी तोंडात ब्रश घेऊन खाली आला. फळा बघितला आणि ब्रश काढला. "हा कमिटीचा फळा आहे. असं कुणीही येऊन लिहायचं नाही."

काकी वळली. "तुझो बापूस सात वर्सां माझ्या हातचा जेवलो. मी खंय रवतंय ता त्याका बरोबर म्हायत होता. तुका म्हायत नाय?"

"काकी, तसं नाही..."

"मगे कसा?"

कोपऱ्यातलं फडकं घेऊन तो पुढे आला. मी फळ्याला पाठ लावून उभी राहिले. "पूस. आधी मला पूस, मग फळा." वरच्या मजल्यांवर माणसं कठड्याशी जमली होती. तो मला हात लावणार नव्हता, एवढी लाज त्याच्यात शिल्लक होती. मी घड्याळाकडे बघत होते. पावणेसात वाजत आले होते.

वहीवाले काका नेहमीच्या चालीने आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं, त्याच्या हातातलं फडकं पाहिलं. सेक्रेटरी म्हणाला, "काका, हे उतरवू नका. हे अधिकृत नाही."

काकांनी वही उघडली, पेन्सिलला जीभ लावली. "फळ्यावर आहे ना?" ते म्हणाले. "सरका ताई, दिसत नाय." मी बाजूला झाले आणि त्यांनी एकेक शब्द उतरवून घेतला. ते गेल्यावर सेक्रेटरीने फळा पुसला, ओल्या फडक्याने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. काकी शेवटपर्यंत बघत उभी होती.

साडेसातला पंखा बंद झाला. मशीनवर आमच्यातली एक बँकेत नोकरी करणारी बसते. मी टाकी वाचली, भजन वाचलं, आणि मग सतरा नंबर वाचला. "मी जिवंत आहे" वाचताना पहिल्यांदा माझा आवाज अडखळला. लगेच त्या बँकवालीचा मोबाइल चमकायला लागला. सर रोज घरी ऐकतात. तिने माझ्याकडे बघितलं आणि मोबाइल पालथा घातला. तिचे उपकार मी विसरणार नाही.

तिथे थांबले असते तर नियमात होते. पण थांबले नाही. वही मिटली आणि म्हटलं, "हे फळ्यावर नाही, हे मी सांगतेय. सतरा नंबर कायमच्या गावी गेल्या, असं मागे याच आवाजात तुम्ही ऐकलंत. ते खोटं होतं. मी ते वाचलं त्या दिवशी सतरा नंबरची चावी माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला होती. संबंधितांनी याचीही नोंद घ्यावी."

आठवड्यात मला सरांचं पत्र आलं. माझ्या दीर्घ सेवेबद्दल कृतज्ञता, आणि काही काळ मी विश्रांती घ्यावी अशी नम्र सूचना. ते पत्र मी तुळशीच्या कुंडीखाली ठेवलं, पाणी गळतं तिथे.

मग हरकतीची सुनावणी. काकी, मी, एक टेबल, पलीकडे साहेब. मी मोबाइलवर माझं दुसरं वाचन लावणार तर त्यांनी हात वर केला. "मॅडम, रेडिओवरची गोष्ट आम्ही पुरावा धरत नाही."

"मग पहिली कशी धरलीत?"

"ती स्थानिक चौकशी होती."

मी काय बोलले असते देव जाणे, पण काकीने टेबलाखाली माझा हात दाबला. साहेब म्हणाले, लेखी जबाब द्या. वाचणाऱ्या तुम्हीच ना? मग लिहा, ते निवेदन असत्य होतं. मी लिहिलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "असत्य आहे हे वाचताना तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? तेही लिहा."

नव्हतं लिहिलं असतं तर मी सुटले असते. फळ्यावर होतं, वाचलं, बस. पण चावी माझ्याकडे होती. रोज तुळशीला पाणी घालत होते. ठाऊक नव्हतं असं लिहिलं तर मग काकी परत येणार होती हे ठाऊक कुणाला होतं? मी लिहिलं, "ठाऊक होतं." खाली सही केली. एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं काढली, कामाच्या कागदावर माझी एक चूक नाही. ती तिथे नोंदली गेली, माझ्याच अक्षरात.

पुढे शेवटची यादी लागली. त्यात सतरा नंबर आहे. नाव नवऱ्याचं नाही, काकीचं स्वतःचं आहे. सेक्रेटरी आजही समोरून जाताना "काय ताई, बरं ना?" म्हणतो, आणि मी उत्तर देत नाही. फळ्याचं वाचन आता दुसरी कुणी करते, बरी वाचते. मी ऐकते रोज. कुणी गावी गेल्याची ओळ आली की अजून मी स्वयंपाकघरातल्या रिकाम्या खिळ्याकडे बघते.

गोष्ट संपली असती, पण परवा शिमगा आला. चाळीतली निम्मी माणसं गावी गेली, फळ्यावर सगळ्यांचे नंबर लागले. काकीचा नंबर नव्हता. मी समोर गेले तर ती दारात बसून तांदूळ निवडत होती. दार सताड उघडं. गेल्या वर्षभरात ती दुपारचीसुद्धा दार लावून झोपत नाही, बाजारात गेली तरी नुसतं लोटून जाते, आणि धावत परत येते. त्या गुडघ्यांनी.

मी म्हटलं, "काकी, जा तू. पालखी यायची वेळ झाली. गेल्या वर्षी घर बंद राहिलं, या वर्षी परत नको."

ती निवडत राहिली.

"मी राहते इथे. रात्रंदिवस राहते. दार उघडं ठेवून बसते. कुणी आलं तर सांगते, काकी शिमग्याला गेलीय, येणार आहे. फळ्यावर लिहीन, बोंबलून सांगेन. तू फक्त चावी दे आणि जा."

काकीने सुपातला एक खडा उचलला, बाहेर टाकला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"गेल्या टायमाक पण चावी तुझ्याकडेच होती गो," ती म्हणाली, आणि सूप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "बस. हेतले खडे काढ."